शिक्षण बदलणाऱ्याला दंड कशासाठी?

बारावीचे निकाल लागले की आपल्या समाजात अभिनंदनाला तोटा राहत नाही. पेढे वाटले जातात, फलकांवर नावे झळकतात, रविवारच्या मिस्सेनंतर मुलांचा सत्कार होतो. पुढे चार-सहा महिन्यांनी यांपैकीच एखादा मुलगा गादीची वळकटी घेऊन गावी परततो आणि सांगतो, 'हे शिक्षण माझ्याच्याने होत नाही, मला दुसरे काही शिकायचे आहे.' त्या दिवशी घरात सुतकी शांतता पसरते. बाप म्हणतो, पैसे पाण्यात गेले. महाविद्यालय म्हणते, उरलेल्या वर्षांचीही फी भरा, मगच कागद मिळतील. बँक म्हणते, हप्ते सुरू करा. तिघांचाही सूर एकच असतो : मुलाने गुन्हा केला आहे आणि गुन्ह्याला दंड हा हवाच.

आम्हाला हा न्याय मान्य नाही. अभ्यासक्रम बदलण्याला किंमत असते आणि ती कुणाला तरी मोजावी लागते, हे आम्ही नाकारत नाही. परंतु किंमत वेगळी आणि दंड वेगळा. आज मुलांकडून व त्यांच्या आईबापांकडून जे वसूल होते त्यात किंमत थोडी आणि दंडच फार आहे. शिवाय त्या दंडाचा मोठा भाग आपल्याच घरातल्या अबोल्यामुळे वाढत जातो. हे दोन्ही मुद्दे आम्हाला येथे स्पष्टपणे मांडायचे आहेत.

आधी हा प्रश्न पैशाचा कसा झाला ते पाहू. आपल्या या दोन जिल्ह्यांत अभियांत्रिकी शिक्षणाची सोय पूर्वी मोजकीच होती. सांगलीचे महाविद्यालय १९४७ सालचे, कऱ्हाडचे शासकीय महाविद्यालय १९६० सालचे. जागा थोड्या, पण खर्चाचा बराचसा भार सरकार उचलत असे. १९८३ साली सांगलीचेच सुपुत्र वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि चित्र पालटले. परराज्यात देणग्या भरून शिकायला जाणारी मुले महाराष्ट्रातच शिकू लागली, शेतकऱ्याच्या मुलाला अभियंता होण्याचा मार्ग खुला झाला. या निर्णयाचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. मात्र त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. शिक्षणाचा खर्च सरकारच्या तिजोरीतून उठला आणि कुटुंबाच्या चुलीजवळ येऊन बसला. पूर्वी अभ्यासक्रम सोडणाऱ्याचे एक वर्ष जात असे. आता वर्षाबरोबर शेताचे दोन-तीन हंगामही जातात.

वडूज आणि भोवतालच्या गावांत वावरताना हे आम्हाला पदोपदी जाणवते. खटाव-माणचा हा पट्टा पावसाच्या भरवशावर जगणारा. येरळेला पाणी कधी असते, कधी नसते. बटाटा, आले, ज्वारी यांच्या भावावर घरचे गणित चालते, किंवा गलाईच्या धंद्यासाठी दूरच्या शहरात गेलेल्या भावाच्या पैशावर. अशा घरात फीचा पहिला हप्ता भरला जातो तेव्हा त्यात पतसंस्थेचे कर्ज असते, आईच्या पाटल्या असतात आणि चुलत्याने दिलेले हातउसनेही असते. आणि हा सारा डाव मांडला जातो सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या एका परीक्षेतील गुणांवर आणि शेजारच्या मुलाने काय घेतले यावर! मुलाने महाविद्यालय पाहिलेले नसते, विषय काय आहेत ते त्याला कुणी सांगितलेले नसते. मग निवड चुकली तर नवल ते कोणते? चुकू नये अशी व्यवस्था आपण केलीच नाही. दंडाची व्यवस्था मात्र चोख केली.

नियम काय म्हणतात? अभियांत्रिकीसारख्या तंत्रशिक्षणासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची नियमपुस्तिका आहे. तिच्यानुसार वर्ग सुरू होण्यापूर्वी प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकीची फी परत मिळते. वर्ग सुरू झाल्यावर मूल गेले आणि प्रवेशाच्या अंतिम तारखेपर्यंत ती जागा दुसऱ्याने भरली, तर झालेल्या महिन्यांची फी व वसतिगृहाचे भाडे कापून उरलेली रक्कम द्यावी लागते. जागा रिकामीच राहिली, तर फी बुडते. परंतु अनामत रक्कम आणि मूळ कागदपत्रे परत द्यावीच लागतात, आणि पुढील वर्षांची फी मागता येत नाही. हे शेवटचे वाक्य प्रत्येक पालकाने पाठ करून ठेवावे. 'चारही वर्षांची फी भरा' असे सांगणारा कारकून हा नियम सांगत नसतो, तो भीती घालत असतो.

कला, वाणिज्य, विज्ञान शाखांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली टप्पे ठरवून दिले. प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ दिवस वा अधिक आधी प्रवेश रद्द केला तर किरकोळ कपात करून सगळी फी परत. १५ दिवसांहून कमी अवधी उरला असताना रद्द केला तर ९० टक्के. तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के. ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. त्यानंतर काही नाही. पुढे आयोगाने याहून उदार धोरण स्वीकारले. २०२४-२५ या वर्षासाठी ३० सप्टेंबरपर्यंत संपूर्ण फी आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत १,००० रुपये वजा करून बाकीची फी परत करण्यास त्याने सांगितले होते. मुलांची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यासही आयोगाची मनाई आहे. दरवर्षीची तारीख त्या त्या वर्षीच्या सूचनेत पाहावी लागते, हे मात्र ध्यानात असावे.

नियम वाचताना बरे वाटते. अडचण आहे ती पंचांगाची. आपल्याकडे प्रवेशफेऱ्या लांबत जातात, वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात. पहिला महिना नव्या गावाची ओळख होण्यात, दुसरा इंग्रजी व्याख्यानांची सवय होण्यात जातो. 'हे आपले क्षेत्र नव्हे' हे मुलाला प्रामाणिकपणे कळते ते पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर. तोवर फी परत मिळण्याचे दार बंद झालेले असते. म्हणजे ज्या मुलाने वर्गात बसूनही पाहिलेले नाही त्याला सवलत, आणि ज्याने मनापासून प्रयत्न करून मग निर्णय घेतला त्याला भुर्दंड! हा उलटा न्याय आहे. आमची मागणी साधी आहे : पहिल्या सत्राच्या निकालानंतर ठरावीक मुदतीत मूल गेले, तर दुसऱ्या सत्राची फी घेऊ नये, घेतली असल्यास परत करावी. जे शिकवलेच नाही त्याचे मोल कशाचे घ्यायचे?

संस्थाचालकांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे आणि ते अगदीच पोकळ नाही. एक मूल गेले तर जागा पुढची तीन वर्षे रिकामी राहते, प्राध्यापकांचे पगार मात्र तेवढेच द्यावे लागतात, असे ते सांगतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ सालच्या इस्लामिक अकॅडमी खटल्यातील निकालाचाही ते आधार घेतात. त्या निकालात, मूल मध्येच जाईल अशी शंका असल्यास संस्थेने फार तर उरलेल्या फीचे हमीपत्र वा बँकेची हमी घ्यावी, असे म्हटले होते. पण त्याच निकालाने एका वेळी एका सत्राची किंवा एका वर्षाचीच फी घेता येईल असेही बजावले होते. ते सोयीस्करपणे विसरले जाते. शिवाय अभियांत्रिकीत पदविका घेतलेली मुले थेट दुसऱ्या वर्षात येतात, आणि पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागाही त्यांच्यातून भरण्याची सोय आहे. मग तीन वर्षांच्या नुकसानीचा आक्रोश कितपत खरा? शेवटी, जो संस्था चालवतो त्याने चार जागा रिकाम्या राहण्याचा धोका पत्करायचा असतो. तो धोका खटावच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकणे याला व्यवहार म्हणत नाहीत.

वैद्यकीय शिक्षणात तर जागा सोडणाऱ्याकडून लाखो रुपये वसूल करण्याची बंधपत्रे निरनिराळ्या राज्यांत रूढ झाली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांवर येणारा असह्य ताण लक्षात घेऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना पत्र लिहिले आणि हा आर्थिक दंड रद्द करावा, त्याऐवजी जागा सोडणाऱ्यास एक वर्ष प्रवेशबंदी करावी, असे सुचविले. देशातील सर्वोच्च वैद्यकीय संस्थेलाही जे उमगले ते गावोगावच्या संस्थांना उमगू नये काय?

आता बँकेकडे वळू. बँक संघाच्या २००१ सालच्या आदर्श योजनेपासून शैक्षणिक कर्ज सामान्य घरापर्यंत पोहोचले. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि परतफेड शिक्षण संपल्यावर काही काळाने सुरू होते, म्हणून पालक सही करून मोकळे होतात. परंतु 'शिक्षण संपणे' याचा एक अर्थ 'शिक्षण सुटणे' असाही होतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही. मुलाने अभ्यासक्रम सोडला की बँक परतफेड मागू शकते. त्याहून कठोर गोष्ट पुढेच आहे. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या घरांसाठी केंद्र सरकारने २००९ साली व्याजसवलतीची योजना आणली. तीत अशी अट घातली गेली की, मुलाने कोणत्याही कारणाने अभ्यासक्रम मध्येच सोडला तर सवलत मिळणार नाही. अपवाद फक्त आजारपणाचा. शिस्तभंगासाठी काढून टाकलेला मुलगा आणि आपली निवड चुकली असे सरळपणे सांगणारा मुलगा, हे दोघेही सरकारच्या लेखी एकाच पंगतीत! मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांतही, वर्षाच्या मध्यात शिक्षण सोडल्यास दिलेली रक्कम परत मागण्याचा अधिकार राज्याने राखून ठेवला आहे. गरिबाला मदत देताना सरकार त्याच्या पायात ही बेडी अडकवते. श्रीमंताचे मूल तीनदा अभ्यासक्रम बदलते आणि त्याला कुणी काही विचारत नाही. चुकण्याचा अधिकारही आपल्याकडे ऐपत पाहून मिळतो.

येथवर आम्ही संस्था आणि सरकार यांच्यावर बोट ठेवले. आता वाचकहो, थोडे आपल्या घराकडे पाहू. कारण नियम कितीही बदलले तरी घरातला नियम बदलल्याशिवाय मुलाची सुटका नाही.

एक सरळ हिशेब मांडू. समजा, वर्षाची फी १,२०,००० रुपये आणि राहण्या-जेवणाचा खर्च ८०,००० रुपये. एकूण २ लाख. मुलाने मुदतीत सांगितले तर नुकसान हजार रुपयांचे आणि एक-दोन महिन्यांच्या खाणावळीचे. वर्ष संपल्यावर सांगितले तर २ लाखांचे. भीतीपोटी दोन वर्षे गप्प राहिला आणि विषय मागे पडत गेले तर ४ लाखांचे. त्यासाठी कर्ज काढले असेल तर १० टक्के दराने वर्षाला ४०,००० रुपये व्याज वेगळे. आणि रडतखडत पाच वर्षांत पदवी घेतली, पण त्या विद्येवर पोट भरण्याची इच्छाच उरली नाही, तर १० लाखांचे. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात जे अंतर पडले ते अभ्यासक्रम सोडल्यामुळे नव्हे, न बोलता काढलेल्या वर्षांमुळे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. येथे मूठ झाकून ठेवण्याचीच किंमत लाखांत जाते.

तरीही घरोघरी उत्तर ठरलेले असते : 'आता एवढे पैसे गेलेत, पूर्णच कर.' हे वाक्य शहाणपणाचे वाटते, पण आपला शेतकरी स्वतःच्या शेतात असे कधी वागत नाही. मृगात पेरले आणि पावसाने दगा दिला, तर तो माती उकरून दाणा पाहतो. दाणा कुजला असेल तर बियाणे महाग होते म्हणून त्याच रानाला पाणी देत बसत नाही. तो दुबार पेरणी करतो. पहिले बियाणे गेले ते गेले; आता हातात किती दिवस आहेत, जमिनीला काय मानवेल, दुसऱ्या बियाण्याला किती लागतील, एवढेच तो मोजतो. गावही त्याला नावे ठेवत नाही. मग जो बाप रानात इतका समंजस असतो तो मुलाच्या बाबतीत गेलेल्या पैशाला का कवटाळून बसतो? बुडत्याचा पाय खोलात जातो तो असा.

बुरूज बांधायला निघालेल्या माणसाचा शुभवर्तमानातील दाखला अशा वेळी मुलाच्या तोंडावर फेकला जातो, हेही आम्ही ऐकले आहे. काम अर्धवट टाकणाऱ्याला लोक हसतात ना, मग झाले! परंतु त्या दाखल्याचा भर आधी बसून खर्चाचा हिशेब करण्यावर आहे. तो हिशेब मुलाने एकट्याने करायचा नव्हता. प्रवेश घेताना तो कुणी केला नाही हीच तर तक्रार आहे. लोक हसतील म्हणून चुकीच्या पायावर मजले चढवावेत, असे प्रभूने कोठेही सांगितलेले नाही.

दुबार पेरणीचा खर्च कुणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्नही टाळून चालणार नाही. पुष्कळ घरांत मुलाच्या दुसऱ्या प्रवेशाचे पैसे धाकट्या बहिणीच्या शिक्षणातून येतात. भावाने अभियांत्रिकी सोडून दुसरे काही घेतले की बहिणीला सांगितले जाते, 'तू आता इथल्याच महाविद्यालयात जा, पुढचे पुढे पाहू.' ते पुढचे कधी येत नाही. एकाच्या चुकीचा दंड दुसऱ्याने, तोही न विचारता, भरावा हा उघड अन्याय आहे. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील, इतर मागासवर्ग व आर्थिक दुर्बल अशा गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क संपूर्ण माफ केले. त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला पैसे नाहीत ही सबब आता पूर्वीइतकी टिकणारी नाही. राहिला प्रश्न वसतिगृहाचा. आणि तेवढे तरी भावाच्या वाट्यातून निघाले पाहिजे.

मुलांनाही आम्ही मोकळे सोडणार नाही. प्रत्येक बदल योग्य असतोच असे नाही. मित्राने संगणक घेतला म्हणून आपणही घ्यावा, एक विषय राहिला म्हणून शाखाच टाकावी, वसतिगृहात करमत नाही म्हणून गावी यावे, याला आम्ही निवड म्हणत नाही. ज्याला बदलायचे आहे त्याने तीन प्रश्नांची उत्तरे लिहून आईबापांपुढे ठेवावीत : नवे शिक्षण काय आहे आणि ते मी जाऊन पाहिले आहे का? त्याला एकूण किती खर्च येईल आणि त्यातला किती मी स्वतः कमावीन? आणि पहिले का जमले नाही? याच जिल्ह्यात काले येथे १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हा मार्ग घालून दिला. दुसऱ्या संधीची किंमत श्रमाने चुकवण्यात कमीपणा नाही, उलट त्यानेच आईबापांचा विश्वास परत मिळतो.

दुसरी संधी म्हणजे काय, याचे एक मोठे उदाहरण साताऱ्याशी जोडलेले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ज्यांचे नाव दाखल झाले त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांनी अभ्यासक्रम बदलला नव्हता, पैशाअभावी तो थांबला होता. पण विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील नोकरीची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. दार उघडे ठेवणारी एक संस्था आणि वेळेला उभा राहणारा एक मित्र असला, तर अर्धवट राहिलेले शिक्षण कोठवर जाते हे आपल्यापुढे आहे. दार बंद करून आपण अशी किती मुले गमावली असतील?

म्हणून काही मागण्या आम्ही प्रथम आपल्याच माणसांपुढे ठेवतो. ख्रिस्तसभेच्या नावाने चालणाऱ्या संस्थांनी नियमात बसते तेवढेच देऊ, ही भूमिका सोडावी. मुदत संपल्यावरही गरीब घरातील मूल जात असेल तर न शिकवलेल्या सत्राची फी परत करावी, आणि त्याचे कागद त्याच दिवशी त्याच्या हातात द्यावेत. आपण सेवा करतो असे म्हणतो. तिची कसोटी प्रवेशाच्या दिवशी लागत नाही, मूल निघून जाते त्या दिवशी लागते. प्रत्येक धर्मग्रामात दुसऱ्या प्रवेशासाठी बिनव्याजी उसनवारीचा छोटा निधी असावा. गुणवंतांच्या सत्काराला शाली-नारळांवर जेवढे जाते तेवढ्यातूनही त्याची सुरुवात होईल. फी परतीच्या तारखा जुलैमध्येच चर्चच्या फलकावर लागाव्यात.

आणि पालकांनो, आपणाला एवढेच सांगणे. वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात एकदा स्वतः महाविद्यालयात जा. मुलाला गुण विचारण्याआधी, 'तुला हे आवडते का?' असे विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. प्रवेश रद्द करायचे ठरले तर तोंडी सांगून परतू नका; तारीख घालून लेखी अर्ज द्या, त्याच्या प्रतीवर पोच घ्या, पावत्या जपून ठेवा. कागद अडवले तर विद्यापीठाकडे, जादा फी मागितली तर राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाकडे दाद मागा. कर्ज असेल तर बँकेला हप्ता थकण्यापूर्वी भेटा. देशात २०२२ या एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविल्याची सरकारी नोंद आहे. त्यांतील प्रत्येकाचे कारण वेगळे असेल, पण घरी सांगता आले नाही हे दुःख त्यांतल्या कितीकांचे असेल याचा विचार करा. फी परत मिळण्याची मुदत टळली तरी चालेल. मूल उंबऱ्यात येऊन उभे राहिले तर आधी त्याला आत घ्या, जेवू घाला आणि हिशेबाची वही दुसऱ्या दिवशी उघडा.